अकरा गल्ले, आठ कोअर

बिलिंग सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये दुकानदार नेहमी सॉफ्टवेअरच्या किमतीवर घासाघीस करतो. खालच्या ओळीला तो हात लावत नाही, कारण ती त्याला कळत नाही. माझ्या मित्राकडे आलेल्या कोटेशनमध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं एक लाख ऐंशी हजारांचं, आणि त्याखालची ओळ होती 'एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड, ४ कोअर'. रक्कम सहा लाख नव्वद हजार. विकायच्या वस्तूपेक्षा तिच्या खालचा पाट जवळजवळ चौपट महाग.

मित्राची किराणा मालाची तीन दुकानं आहेत: सांगली, मिरज, तासगाव. मिळून अकरा गल्ले, आणि हिशेबाच्या खोल्यांमध्ये तीन संगणक. मी त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो, एवढाच माझा या प्रकरणाशी संबंध. त्यांची भाची पुण्यात एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. ती आजोळी आली होती, तेव्हा कोटेशन तिच्यापुढे ठेवलं गेलं. पुढचं बोलणं मी आठवेल तसं, थोडं छाटून देतो आहे. गंमत अशी की मला वाटलं होतं मामा 'फुकट काय मिळतं' असं विचारतील आणि भाची महागडं काहीतरी सुचवेल. झालं उलटं.

भाची : मामा, ही ओळ खोडून टाका. तीन दुकानांसाठी एवढ्या पैशांच्या डेटाबेसची काही गरज नाही. पोस्टग्रेस फुकट आहे. मायक्रोसॉफ्टचाच हवा असेल तर त्यांची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे. कायदेशीर फुकट, चोरीची नाही.

मामा : खोडायला काय, आत्ता खोडतो. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सातला गल्ला बंद पडला, तर मी कुणाला धरू? तू पुण्यात. फुकट देणारा कुठं, ते देवाला माहीत. पैसे मोजलेत म्हटल्यावर समोरच्याचा गळा धरता येतो.

भाची : कुणाचा? मायक्रोसॉफ्टचा?

मामा : कुणाचा का असेना. बिल आहे ना माझ्याकडं!

भाची : त्या बिलात काय मिळतं ते वाचा. लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, बस्स. मिरजेच्या दुकानात माणूस येईल, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. येणार तो सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा, आणि तो एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, पैशांवर येतो. तुम्ही सात लाख घालताय परवानगीत, आणि एएमसीवर मात्र हजार-पाचशेसाठी भांडताय.

मामा गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. कोटेशन त्यांनी पुन्हा हातात घेतलं आणि 'कोअर' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय मोजलंय आधी ते सांग. आमच्याकडं केळी डझनावर जातात, सफरचंद किलोवर. हे कशावर?"

हा प्रश्न त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न होता, असं माझं मत आहे. डेटाबेसच्या किमतीबद्दल जे काही समजून घ्यायचं, ते यात येतं.

भाची : प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. मायक्रोसॉफ्टचा स्टँडर्ड दोन मापांनी मिळतो. एक माप कोअरचं. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक काम करणारा भाग. लायसन्स दोन-दोन कोअरच्या जोडीनं विकतात. २०२२ च्या आवृत्तीची अमेरिकेतली छापील किंमत जोडीला ३,९४५ डॉलर. एका प्रोसेसरमागं कमीत कमी चार कोअर धरावेच लागतात, म्हणजे ७,८९० डॉलर. तुमचे सहा लाख नव्वद हजार तिथून आलेत. मग त्या डेटाबेसला किती माणसं नि किती यंत्रं जोडली, ते कुणी विचारत नाही.

मामा : आणि दुसरं माप?

भाची : दुसऱ्यात सर्व्हरचं लायसन्स वेगळं, ९८९ डॉलर. त्याच्यावर जे कुणी त्याला जोडलं जाईल त्याचं एकेक लायसन्स, २३० डॉलर. त्याला 'कॅल' म्हणतात. कॅल माणसागणिक घ्या नाहीतर यंत्रागणिक, ते तुम्ही ठरवायचं. तुमच्याकडं दोन पाळ्या. गल्ल्यावर सकाळी एक मुलगी, दुपारनंतर दुसरी. माणसं मोजली तर पंचवीस होतील. यंत्रं मोजली तर अकरा गल्ले आणि तीन संगणक, चौदा. यंत्रंच मोजायची.

मामांनी कॅल्क्युलेटर ओढला. चौदा गुणिले दोनशे तीस, तीन हजार दोनशे वीस. त्यात नऊशे एकोणनव्वद. ४,२०९ डॉलर. रुपयांत पावणेचार लाखांच्या आसपास.

मामा : म्हणजे कोटेशनच्या जवळजवळ निम्म्यात? मग यानं मला कोअर का लावले?

भाची : त्याला सोपं. तुमच्याकडं किती गल्ले ते विचारावं लागत नाही, उद्या दोन वाढले तर पुन्हा हिशेब करावा लागत नाही. आणि एक गंमत सांगते. एक सर्व्हर आणि तीस यंत्रं धरली तर या मापानं ७,८८९ डॉलर होतात. चार कोअरचे ७,८९०. एका डॉलरचा फरक. म्हणजे तीस यंत्रांपर्यंत कॅल बरं, त्यापुढं कोअर बरे. तुम्ही आहात चौदावर.

मामा : तिन्ही दुकानांत तीन सर्व्हर बसवले तर?

भाची : सर्व्हरचे ९८९ तीनदा. कॅल मात्र पुन्हा घ्यायचं नाही. एकदा त्या यंत्राचं कॅल घेतलं की ते तुमच्या सगळ्या सर्व्हरना चालतं. विंडोज सर्व्हर घेतला तर त्याचे कॅल मात्र वेगळे, ते यात धरलेले नाहीत.

मग मोजायचं काय आणि सोडायचं काय, यावर बराच वेळ गेला. गल्ल्यावरचं तारेचं बारकोड स्कॅनर मोजत नाहीत, ते त्या संगणकाचाच भाग. पण माल मोजायला हातात घेऊन फिरतात ते अँड्रॉइडचं यंत्र डेटाबेसपर्यंत पोहोचतं, ते एक यंत्र म्हणून मोजायचं. मामांनी इथे व्यापाऱ्याची युक्ती काढली : मध्ये एक संगणक ठेवू, सगळे गल्ले त्याला जोडू, आणि डेटाबेसला तो एकटाच जोडू. एक कॅल! भाची हसली. ही वाट कंपनीनं नियमांतच बुजवून ठेवली आहे. मध्ये काहीही बसवलं तरी मोजणी टोकाच्या यंत्रांचीच होते. तासगावच्या दुकानात व्हॉट्सॲपवर यादी येते आणि मुलगा ती हातानं बिलात घालतो, त्या गिऱ्हाइकांना कॅल लागत नाही. मात्र उद्या मामांनी स्वतःचं ॲप काढलं आणि गिऱ्हाईक थेट त्यातून मागणी नोंदवू लागलं, तर मोजायला अख्खी सांगली येईल. तेव्हा कोअरशिवाय इलाज नाही.

भाची : आता ते यंत्राचं पान दाखवा. सर्व्हर कुठला दिलाय?

पान उलटलं. एक प्रोसेसर, आठ कोअर, बत्तीस जीबी मेमरी.

भाची : मामा, हे कोटेशन चूक आहे. यंत्र आठ कोअरचं आणि लायसन्स चार कोअरचं. कोअरवर घेतलं तर यंत्रातले सगळे कोअर मोजावे लागतात, 'मी चारच वापरतो' हे चालत नाही. तुम्हाला १५,७८० डॉलर लागतील. तेरा-चौदा लाख.

मामा : म्हणजे सात लाख मोजूनही मी चोरच?

भाची : अर्धे.

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पैसे मोजले की आपण सुरक्षित, हा त्यांचा सगळा पाया. तो इथे हलला. पण त्यांची बाजू इथेच संपली असं समजू नये, कारण पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी जो हिशेब मांडला तो भाचीला सुचलेला नव्हता.

मामा : बरं. पण तू सारखी सात लाख सात लाख करतेस. हे किती वर्षं चालतं?

भाची : एका आवृत्तीला साधारण दहा वर्षं सुरक्षेचे बदल मिळतात. २०१४ ची आवृत्ती होती, तिचे बदल ९ जुलै २०२४ ला बंद झाले. त्यानंतरही चालते, पण नवी भोकं कुणी बुजवत नाही. नवी हवी तर नवं लायसन्स.

मामा : दहा वर्षं. सहा लाख नव्वद हजार भागिले दहा, एकोणसत्तर हजार. भागिले अकरा गल्ले, सहा हजार दोनशे सत्तर. भागिले तीनशे पासष्ट. गल्ल्यामागं दिवसाला सतरा रुपये. अगं, त्या गल्ल्यावरच्या मुलीला मी दिवसातनं दोन चहा पाजतो त्याचे जास्त होतात. तुझ्या त्या कॅलनं घेतलं तर नऊ-दहा रुपये. यासाठी मी फुकटाच्या मागं का लागू?

भाची : कारण ते सतरा रुपये तुम्ही विक्रीतनं देत नाही, नफ्यातनं देता. किराण्यात शंभराला तीन रुपये हातात राहतात असं तुम्हीच सांगता ना? सहा लाख नव्वद हजार सुटायला दोन कोटी तीस लाखांचा माल विकावा लागेल.

मामा : तीन म्हणजे चांगल्या वर्षी.

दोघांचंही गणित बरोबर होतं. दिवसाला सतरा रुपये हे खरं, आणि दोन कोटी तीस लाखांची विक्री हेही खरं. सॉफ्टवेअर विकणारा नेहमी पहिलं गणित मांडतो, म्हणून दुकानदारानं दुसरं स्वतः करून बघावं. मोठ्या साखळी दुकानांचं तर विचारूच नका. तिथं ओरॅकलसारख्या डेटाबेसची छापील किंमत प्रोसेसरला ४७,५०० डॉलर. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रात दोन कोअर मिळून त्यांचा एक 'प्रोसेसर' होतो. मामांच्या त्याच आठ कोअरच्या यंत्राला ते १,९०,००० डॉलर सांगतील, आणि दर वर्षी आधारसेवेचे २२ टक्के वेगळे. त्यांचीच छोटी आवृत्ती मात्र कोअर मोजत नाही, प्रोसेसरचे खण मोजते. खणाला १७,५०० डॉलर. एकच यंत्र, आणि प्रत्येक दारात वेगळा तराजू.

मामा : बरं, फुकटाकडं येऊ. एक्सप्रेस फुकट का देतात? कुणी सोनं फुकट वाटतं का?

भाची : मर्यादा घालून देतात. एका डेटाबेसमध्ये १० जीबी माहिती. मेमरी कितीही घाला, माहितीसाठी तो दीड जीबीच्या आतच वापरतो. चार कोअरच्या पुढं जात नाही. म्हणजे हे बत्तीस जीबीचं यंत्र एक्सप्रेससाठी घेतलंत तर ते बहुतांश रिकामं बसेल. आणि ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा भाग त्यात नाही. तो विंडोजच्या टास्क शेड्युलरनं बसवावा लागतो. बसवला नाही तर बॅकअप होत नाही, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मामा : दहा जीबी म्हणजे किती बिलं?

भाची : तिन्ही दुकानांची मिळून दिवसाला किती?

मामा : हजार-अकराशे.

भाची : बिलात सरासरी आठ ओळी धरू. ओळीमागं, शोधायच्या सूचीसकट, अर्धा केबी. दिवसाला साडेचार एमबी. तेवढंच साठ्याच्या नोंदी, कर, बदलांचा इतिहास यांचं. नऊ एमबी. वर्षाला तीन जीबीच्या वर. तिन्ही दुकानं एका डेटाबेसमध्ये कोंबली तर तीन वर्षांत भरलं.

मामा : आणि भरलं की?

भाची : जुनं दिसतं, नवं घालता येत नाही. गिऱ्हाईक समोर उभं आणि पडद्यावर ११०५ नंबरची चूक, जागा संपली म्हणून.

मामा : हेच! हेच म्हणत होतो मी. आणि हे दिवाळीतच होणार.

भाची : होईल, कुणी लक्ष ठेवलं नाही तर. पण मर्यादा डेटाबेसमागं आहे, दुकानामागं नाही. दुकानागणिक वेगळा डेटाबेस केला तर प्रत्येकाचं नऊ-दहा वर्षं निघतं. एक एप्रिलला नव्या वर्षाचा नवा डेटाबेस केला, तर मर्यादा कधी आडवीच येत नाही. हे पळवाट काढणं नाही, नियमात बसतं. आणि ही मर्यादा वाढत आलीय. पूर्वी याच्या जागी एमएसडीई होतं, त्यात २ जीबी. २००५ ला एक्सप्रेस आलं, ४ जीबी. २००८ आर-टू ला १०. २०२५ च्या आवृत्तीत ५० केलेत. फक्त तुमचं सॉफ्टवेअर त्या नव्या आवृत्तीवर चालतं का, ते विचारून घ्या.

इथे मी तोंड घातलं. वर्षागणिक नवा डेटाबेस करा, पण जुना पुसू नका. जीएसटीच्या कायद्यानं हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. त्यात संगणकातली माहितीही आली. 'जागा करायला जुनी वर्षं उडवली' हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही. मालाची छायाचित्रं आणि स्कॅन केलेली खरेदीची बिलं डेटाबेसच्या आत ठेवणारी सॉफ्टवेअरं मी पाहिली आहेत. तिथे जागा तीन वर्षंही पुरत नाही. छायाचित्रं बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात का, एवढं विचारलं तरी बरंच काम होतं.

मामा : आणि ते पोस्टग्रेस? त्याला मर्यादा नाही?

भाची : आकाराची नाही, माणसांची नाही, कोअरची नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ ला ज्या कामातनं सुरू झालं, त्याचं हे पुढचं रूप. लायसन्स दोन-तीन परिच्छेदांचं. वापरा, बदला, विका, आमचं नाव आणि ही सूचना ठेवा, आमच्यावर जबाबदारी टाकू नका.

मामा : बघ! 'जबाबदारी टाकू नका.'

भाची : पैसे घेणारे काय वेगळं लिहितात? नुकसान झालं तर तुम्ही दिलेल्या पैशांपलीकडं आम्ही देणार नाही, असंच असतं. तुमचा दिवाळीचा बुडालेला धंदा कुणी भरून देत नाही.

मामा : आज फुकट आहे. उद्या कुणी विकत घेतलं नि बिल लावलं तर? तू ते जावाचं सांगत होतीस मागं.

हा वार वर्मी बसला. ओरॅकलनं जानेवारी २०२३ पासून जावाच्या वर्गणीचं माप बदललं : किती जण वापरतात ते नव्हे, कंपनीत किती कर्मचारी आहेत त्यावर आकारणी. मायएसक्यूएल या डेटाबेसचीही तीच चिंता होती. २००८ मध्ये तो सन कंपनीनं घेतला, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मूळ लेखकानं त्यातून मारियाडीबी वेगळा काढला, तो याच भीतीनं.

भाची : म्हणूनच मायएसक्यूएल नाही, पोस्टग्रेस म्हणतेय. मायएसक्यूएलचा मालक एक कंपनी आहे. ती दोन तऱ्हेनं देते : सगळ्यांसाठी खुलं, किंवा पैसे घेऊन. तुम्ही दुकानात वापरलंत तर काही अडत नाही. पण सॉफ्टवेअरवाल्यानं आपल्या बंद सॉफ्टवेअरबरोबर ते बांधून विकलं तर त्याला अटी लागू होतात. ती त्याची डोकेदुखी. तुम्ही फक्त विचारून ठेवायचं. पोस्टग्रेसला असा एक मालकच नाही. विकत घ्यायला समोर कुणी उभंच नाही.

मामा : भांडायलाही नाही.

भाची : पैसे देऊन आधार देणाऱ्या कंपन्या आहेत की.

मामा : पुण्यामुंबईत. सांगलीत कोण आहे? आणि पोरी, तू डेटाबेस निवडतेस. मी सॉफ्टवेअर निवडतो. हे सॉफ्टवेअर मी का घेतलं? वजनकाट्याशी जुळतं, सुट्या मालाचे बारकोड छापतं, बिलावर मराठीत नावं येतात, उधारीचं खातं गावाच्या नावासकट दिसतं. ते चालतं एसक्यूएल सर्व्हरवर. पोस्टग्रेसवर चालणारं आणि हे सगळं करणारं तू मला आण, उद्या घेतो.

भाचीकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते कुणाकडेच नसतं. दुकानदार डेटाबेस विकत घेत नाही. तो बिल, साठा आणि उधारी विकत घेतो, आणि डेटाबेस त्याच्या गळ्यात आपोआप पडतो. संगणकातली तरुण मंडळी तुलना करतात ती डेटाबेसची. निवड आधीच दुसरीकडे झालेली असते.

भाची : ठीक. मग निदान एवढं विचारा : लायसन्स कुणाच्या नावावर येणार? तुमच्या, की सॉफ्टवेअरवाल्याच्या? काही वेळा तो आपल्या सॉफ्टवेअरबरोबर स्वस्तातलं बांधलेलं लायसन्स देतो. ते फक्त त्याच्याच सॉफ्टवेअरसाठी चालतं. उद्या तुम्ही एक्सेलमधनं थेट माहिती ओढलीत, किंवा दुसरं सॉफ्टवेअर त्याच डेटाबेसवर लावलंत, तर ते त्यात बसत नाही.

मामा : हे कुणी सांगितलंच नाही.

भाची : तुम्ही विचारलं नाही. आणि अजून एक विचारा. आता जे सॉफ्टवेअर चालू आहे, त्याच्याखाली काय बसवलंय?

मामांना माहीत नव्हतं. मागच्या वेळी बसवणाऱ्यानं 'फुल व्हर्जन टाकलंय, काळजी करू नका' असं सांगितलं होतं. भाचीनं हिशेबाच्या खोलीतल्या संगणकावर बसून पाहिलं. आवृत्तीच्या नावापुढं लिहिलं होतं : डेव्हलपर.

हे मी आणखी काही ठिकाणी पाहिलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. डेव्हलपर आवृत्ती फुकट असते, सगळ्यात महागड्या आवृत्तीतल्या सगळ्या सोयी तिच्यात असतात, आणि १० जीबीची मर्यादा नसते. म्हणून बसवणाऱ्याला ती मोहाची वाटते. पण ती फक्त सॉफ्टवेअर बनवायला आणि तपासायला वापरायची असते. गल्ल्यावर खरी बिलं काढायला ती वापरणं म्हणजे लायसन्स नसणंच. दुसरा प्रकार इव्हॅल्युएशनचा : १८० दिवस सगळं छान, मग एके दिवशी सेवा सुरूच होत नाही. तिसरा सरळ क्रॅकचा. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब संगणकाच्या प्रोग्रॅमच्या अनधिकृत प्रतीचा जाणूनबुजून केलेला वापर हा गुन्हा मानतं : किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. 'आम्हाला बसवणाऱ्यानं सांगितलं नाही' हे 'जाणूनबुजून' या शब्दापुढं कदाचित उभं राहील. एकदा कळल्यानंतर उभं राहणार नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी वेगळाच विषय काढला.

मामा : २०१९ ला पाणी आलं तेव्हा काय झालं, ठाऊक आहे ना? ऑगस्टात कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. संगणक गेला, त्याचं दुःख नाही. बॅकअपची पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होती. पाच महिन्यांची उधारी वहीतनं, गिऱ्हाइकांच्या तोंडून गोळा केली. बहुतेकांनी खरं सांगितलं, हे त्यांचे उपकार. तेव्हा माझ्याकडं सात लाखांचं लायसन्स असतं तर ते वाचलं असतं का?

भाची : नाही.

मामा : आणि तुझं फुकटवालं असतं तर?

भाची : तेही नाही.

मामा : मग आपण दोन तास कशावर भांडतोय?

भाची : पैसे कुठल्या ओळीत घालायचे, त्यावर.

क्लाउडचा विषय इथे निघाला आणि लवकर संपला. महिन्याच्या भाड्यानं डेटाबेस मिळतो. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं त्याच्याही आधीपासून पुण्यात आहे. त्यात लायसन्स भाड्यातच धरलेलं असतं आणि पुराचं पाणी तिथवर पोहोचत नाही. पण तासगावची इंटरनेटची लाइन आठवड्यातून एकदा तरी जाते. लाइन गेल्यावर बिल निघालंच पाहिजे, म्हणजे दुकानात स्थानिक डेटाबेस हवाच. मामांना वर त्या भाड्याला शेवट नाही हेही खटकलं. बॅकअपची प्रत ठेवायला मात्र क्लाउड चालेल, असं ठरलं.

जे ठरलं ते असं. प्रत्येक दुकानात एक्सप्रेस, वर्षागणिक वेगळा डेटाबेस. सॉफ्टवेअरनंच दर पंधरा मिनिटांनी विक्री सांगलीला पाठवायची. आठ कोअरचा सर्व्हर रद्द, साधे तीन संगणक. सांगलीच्या मुख्य डेटाबेसला एक्सप्रेस पुरेनासं झालं, तर तेवढ्या एकाच जागी स्टँडर्ड घ्यायचं, तेही कॅलच्या मापानं आणि मामांच्या नावावर. वाचलेल्या पैशांतून एएमसी दुप्पट. त्यात धनत्रयोदशी ते पाडवा माणूस सांगलीत हजर राहील हे लिहून घ्यायचं. बॅकअपची एक प्रत रोज रात्री शहराबाहेर जाईल. डेव्हलपर आवृत्ती त्याच आठवड्यात काढायची.

भाचीला हे पूर्ण पटलेलं नाही. तिचं म्हणणं, पाच वर्षांनी हेच सॉफ्टवेअरवाले 'आता स्टँडर्डशिवाय चालत नाही' म्हणतील आणि तेव्हा मामांना पर्याय उरणार नाही. असंही होईल. पण मला मामांचं मूळ म्हणणं बरोबर वाटतं : दुकानदारानं पैसे मोजावेत आणि गळा धरता येईल असा माणूस ठेवावा. फक्त तो माणूस लायसन्सच्या कागदात शोधू नये, एएमसीच्या करारात शोधावा.

लायसन्सवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित करदात्याला तो परत धरता येतो, कंपोझिशनवाल्याला नाही; त्यांनी कोटेशनची तुलना करताना तो किमतीत मिळवून बघावा.

आणि हे वाचणाऱ्या दुकानदारांना एक विनंती. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला तुमच्या सर्व्हरवर डेटाबेसच्या आवृत्तीचं नाव पडद्यावर दाखवायला सांगा, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. 'एक्सप्रेस' असेल तर फाइल किती जीबीची झाली ते विचारा. 'स्टँडर्ड' असेल तर तुमच्या नावाचं लायसन्स मागा. 'डेव्हलपर' किंवा 'इव्हॅल्युएशन' दिसलं, तर ते बदलून झाल्याशिवाय त्याच्या एएमसीच्या चेकवर सही करू नका.